साप दिसलाच नाही तर?

कुत्र्याला साप चावल्याचा संशय येतो तेव्हा पुष्कळदा तो साप कोणी पाहिलेलाच नसतो. नवी मुंबईत पारसिकच्या उतारावर किंवा खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी फिरून आलेल्या कुत्र्याचं तोंड तासाभरात एका बाजूनं सुजतं, किंवा रात्री ठणठणीत असलेला कुत्रा पहाटे उठायला जातो आणि त्याचे मागचे पाय लटपटतात. हाती असतं ते एवढंच. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो सापाचा. होता का, कोणता होता, विषारी होता का? वॉचमनला विचारलं जातं, बॅटरी घेऊन झुडपं धुंडाळली जातात, सर्पमित्राला फोन जातो, सुजेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. या सगळ्यात जो वेळ जातो तोच या आजारात सर्वांत महाग असतो. माझं म्हणणं असं, की संशयाला दोन वेगवेगळ्या कसोट्या लावायला हव्यात. कुत्र्याला उचलून दवाखान्यात नेण्यासाठी नुसता संशय पुरेसा आहे. प्रतिविष टोचण्यासाठी तो पुरेसा नाही, तिथे कुत्र्याच्या शरीरानं दिलेली खूण लागते. आपल्याकडे बऱ्याचदा घडतं ते नेमकं उलट. घरी खात्रीची वाट पाहिली जाते आणि दवाखान्यात पोचल्यावर मात्र खात्रीशिवाय ‘आधी ते इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरला जातो.

नवी मुंबईत हा प्रश्न का यावा, याचं उत्तर शहराच्या जमिनीत आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांत, हे शहर आखलं गेलं. भातखाचरं, मिठागरं आणि खाडीकाठची खाजणं भरून नोड, म्हणजे वसाहती, उभे राहिले. पण एका अंगाला डोंगररांग आणि दुसऱ्या अंगाला ठाणे खाडीची खारफुटी राहिलीच. त्यामुळे घणसोली, रबाळे, महापे, बेलापूर, खारघर अशा ठिकाणी शेवटची इमारत संपते न संपते तोच रान सुरू होतं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली. जमीन अशी हलली की बिळातले जीवही हलतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, बेडूक बाहेर येतात आणि त्यांच्यामागे साप. वर्षभर मात्र सापाला सोसायटीत आणतो तो उंदीर, आणि उंदराला आणतो उघडा कचरा. रात्री गॅलरीत किंवा जिन्याखाली राहिलेलं कुत्र्याचं उरलेलं खाणंही त्यात आलं. विषारी सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चौकडी कोकणपट्टीत सगळीकडे ठाऊक आहे. डोंगराच्या झाडीत चापडाही असतो. पण माणसाच्या वाटेत येणारे साप बहुतेक बिनविषारीच असतात: धामण, दिवड, नानेटी, तस्कर, कवड्या. यातली गंमत अशी की कवड्याला मण्यार समजलं जातं, धामणीला नाग, आणि डुरक्या घोणस किंवा अजगराच्या पिल्लाला घोणस. चूक उलट दिशेनंही होते आणि ती जास्त महागात पडते: घोणशीला अजगराचं पिल्लू समजून निर्धास्त राहिलेली माणसं दगावली आहेत. म्हणजे साप दिसला असला तरी पाहणाऱ्याच्या वर्णनावर उपचार ठरवता येत नाहीत. तो दिसला नाही म्हणून फार मोठा पुरावा हातचा गेला, असं समजायचंही कारण नाही.

कुत्र्याच्या बाबतीत हा दंश माणसाच्या दंशापेक्षा वेगळा असतो, कारण कुत्रा जगाशी नाकानं बोलतो. माणसाला साप चावतो तो बहुधा पायाला, नकळत पाय पडला म्हणून. कुत्रा हलणाऱ्या वस्तूकडे तोंड नेतो, पंजा टाकतो, भुंकतो, मागे हटत नाही. म्हणून दंश बहुतेकदा थुतरीवर, ओठांवर, जिभेवर किंवा पुढच्या पायांवर सापडतो. तोंडाला रक्तपुरवठा भरपूर, शिवाय तिथली सूज श्वासाची वाट अडवू शकते. दंशानंतरही कुत्रा पळत राहतो, आणि पळापळीत विष अंगात लवकर पसरतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की तिथल्या ईस्टर्न ब्राउन सापाच्या विषानं कुत्र्याचं रक्त मांजराच्या रक्तापेक्षा लवकर गोठतं. त्याच सापाच्या दंशात प्रतिविष न मिळालेले ३१ टक्के कुत्रे वाचतात, तर मांजरं ६६ टक्के. तो साप आपल्याकडे नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे नवी मुंबईला लावणं चुकीचं ठरेल. पण घोणस आणि फुरसेसुद्धा रक्त गोठण्याच्या यंत्रणेवरच घाव घालतात, तेव्हा ‘कुत्र्याचं अंग काटक, तो सोसतो’ ही जुनी समजूत टाकून द्यायला हा अभ्यास पुरेसा आहे. आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. साप समोरच्याचं वजन पाहून विष मोजत नाही. साठ किलोच्या माणसाला गेलं असतं तेवढंच विष आठ किलोच्या पॉमेरेनियनला जाऊ शकतं.

विष अंगात काय करतं यावरून ढोबळ दोन चित्रं दिसतात, आणि पाळणाऱ्याला ती ठाऊक असावीत. घोणस किंवा फुरसे चावलं तर दंशाची जागा झपाट्यानं सुजते, दुखते, काळीनिळी पडते. पुढे हिरड्यांतून, नाकातून किंवा सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबेनासं होतं, आणि लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची होते. घोणशीचं विष मूत्रपिंडांवरही जातं. सूज उतरल्यावर, ‘आता बरा झाला’ असं वाटत असताना, दोन-तीन दिवसांनी लघवी कमी होते आणि उलट्या सुरू होतात. नाग आणि मण्यार यांचा मारा मज्जातंतूंवर. पापण्या जड होतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, लाळ गिळता येत नाही, चाल दारुड्यासारखी होते, आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास बंद पडतो. नागाच्या दंशाला निदान सूज तरी येते. मण्यारीच्या दंशाला सूज नाही, वेदना नाही, केसाळ कातडीत दातांच्या खुणाही सापडत नाहीत. मण्यार रात्री हिंडते. त्यामुळे ‘काही चावल्याचं दिसत नाही’ हे वाक्य पहाटेच्या लटपटणाऱ्या कुत्र्याबद्दल उच्चारलं जातं तेव्हा ते दिलासा देत नाही, उलट मण्यारीकडेच बोट दाखवतं. शुद्ध मात्र या आजारात बराच काळ टिकते. कुत्रा मान उचलू शकत नाही, पण ऐकतो, ओळखतो. हाक मारली तर डोळा किंचित हलतो. त्याला मेलेला समजून उपचार सोडण्याची चूक याच टप्प्यावर होते.

आता पहिला आक्षेप. ही सगळी लक्षणं सापाविनाही दिसू शकतात, मग आधी निदान करून घेणं शहाणपणाचं नाही का? आक्षेप खराच आहे आणि त्याचं उत्तर तपशिलात आहे. ज्या उंदरामागे साप आला त्याच उंदरासाठी सोसायटीनं विषाच्या गोळ्या टाकलेल्या असतात. त्या कुत्र्यानं खाल्ल्या, किंवा त्या खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, तरी रक्त गोठत नाही. पण उंदराच्या या औषधाचा परिणाम दिसायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात आणि त्यावर जीवनसत्त्व ‘के’ हा उतारा आहे. घोणशीचं विष काही तासांतच रक्तावर उतरतं. गोचीड-तापातही नाकातून रक्त येतं, मात्र त्याआधी काही दिवस ताप, मलूलपणा, न खाणं असतं. झुरळं मारायचं किंवा शेतीचं कीटकनाशक पोटात गेलं तर लाळ गळते, अंग थरथरतं आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मज्जातंतूंवरच्या सर्पविषात अंग थरथरण्याऐवजी सैल पडतं. पावसाळ्यात बेडकाला, विशेषतः भेकाला (टोडला) तोंड लावलेला कुत्रा फेस काढतो आणि घरच्यांची तारांबळ उडवतो, पण तोंड धुतल्यावर बहुधा सावरतो. मधमाशी चावली तरी थुतरी फुगते. आणि खालचा जबडा लोंबत असेल, गिळता येत नसेल आणि रेबीजचं लसीकरण झालेलं नसेल, तर तो साप नसून मुका रेबीजही असू शकतो. तेव्हा तोंडात हात घालून ‘काही अडकलंय का’ पाहू नये, आणि लसीकरणाचं पुस्तक बरोबर न्यावं. या यादीवर नजर टाकली तर एक गोष्ट लक्षात येईल. यातली एकही शक्यता अशी नाही की ज्यात चार तास घरी थांबून पाहणं कुत्र्याच्या फायद्याचं ठरतं. साप नसेल तर दुसरं काही तरी आहे, आणि तेही दवाखान्यातच कळणार आहे. भेक किंवा मधमाशी निघाली तर एक फेरी वाया जाईल. तेवढी किंमत मोजायला हरकत नसावी.

प्रतिविषाच्या सुईच्या बाबतीत मात्र घाई उलटू शकते. भारतात मिळणारं प्रतिविष चारही सापांवर मिळून एकच आहे. घोड्यांना विषाची अगदी थोडी मात्रा हळूहळू वाढवत देतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढतात. परळच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्रात प्रतिविषाच्या या लशीशी जोडलं गेलेलं आहे; त्याखेरीज खासगी उत्पादकही आहेत. त्यांना लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती १९७८ साली स्थापन झाली. दवाखान्यात कुत्र्याला टोचली जाते ती मुख्यतः माणसांसाठी बनवलेलीच लस. घोड्याची प्रथिनं कुत्र्याच्या अंगात गेल्यावर काहींना तीव्र अ‍ॅलर्जी येते, रक्तदाब कोसळतो, आणि शेजारी अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवलं नसेल तर सापानं न मारलेला कुत्रा उपचारानं मरू शकतो. शिवाय साप कित्येकदा कोरडा दंश करतो, म्हणजे दात रुततात पण विष सोडलं जात नाही. म्हणून दातांची खूण दिसली एवढ्यावर लस देत नाहीत. वाढत जाणारी सूज, न गोठणारं रक्त किंवा पापण्या-मानेचा अशक्तपणा यांतलं काही दिसावं लागतं. रक्ताची चाचणी तर कमालीची स्वस्त आहे: दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करून पाहायचं. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. माणसांच्या उपचारात ही रुळलेली चाचणी आहे. कुत्र्यांत तिच्यावर एकट्यानं विसंबू नये, पण ज्या दवाखान्यात प्रयोगशाळा नाही तिथे ती काहीच नसण्यापेक्षा फार बरी. रायगड जिल्ह्यातल्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि सर्पदंशावर जे काम केलं (२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली) त्याचा पायाही रुग्णाजवळ बसून तासातासाला टिपलेल्या नोंदी हाच होता. कुत्र्याच्या बाबतीत ही नोंद आणखीच मोलाची, कारण त्याला सांगता येत नाही. तेव्हा ‘दोन तास झाले, अजून लस का दिली नाही’ म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी ते दोन तास कुत्रा कोणाच्या नजरेखाली होता, हे पाहावं. नजरेखाली असेल तर तो उपचारच चालू आहे.

एकदा लस द्यायचं ठरलं की प्रश्न मात्रेचा येतो, आणि तिथे पैसा आडवा येतो. हिशेब साधा आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरलं जातं. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या देतात त्या यामुळे. विष तेवढंच असेल तर लहान कुत्र्याला कुप्या कमी लागतील हे तर्काला धरून नाही, तरी पशुवैद्यकात बऱ्याचदा एक-दोन कुप्यांनी सुरुवात होते. कारण शास्त्रापेक्षा खिशाचं असतं, आणि कुत्र्यांवरचा आपल्याकडचा अभ्यासही तुटपुंजा आहे. त्यात भर म्हणजे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवून दिलं आहे की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रदेशात बदलतं, आणि एका भागातल्या विषावर बेतलेली लस दुसरीकडे कमी पडू शकते. लस अंगात मोकळं फिरणारं विष बांधते. मज्जातंतूंच्या टोकाला झालेली इजा किंवा बिघडलेलं मूत्रपिंड ती दुरुस्त करत नाही. मण्यारीच्या दंशात तर उशिरा दिलेल्या लशीपेक्षा श्वास चालू ठेवणं हाच खरा उपचार असतो, कधी कधी कित्येक दिवस. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन या स्वस्त औषधांनी अर्ध्या तासात पापण्या उघडलेल्या दिसू शकतात. मण्यारीत ती फारशी लागू पडत नाहीत. ‘लस दिली तरी गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे सारं असतं.

याच ठिकाणी सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो. या देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांच्यासाठी लस अपुरी पडत असताना शहरातल्या पाळीव कुत्र्यावर दहा कुप्या खर्च कराव्यात का? हा प्रश्न ‘प्राणीद्वेष्टे’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रश्न न्यायाचा आहे. पण कुत्र्याला दिली जाणारी कुपी बहुतेक वेळा खासगी औषध दुकानातून विकत घेतलेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातून ती उचललेली नसते. खेड्यातला माणूस दगावतो त्यामागे लशीच्या टंचाईइतकाच उशिरा पोचण्याचा, मांत्रिकाकडे घालवलेल्या वेळेचा आणि श्वासयंत्र नसण्याचा हात असतो. कुत्र्याला लस नाकारून यातलं काही सुधारत नाही. तरीही उत्पादन शेवटी एकाच झऱ्यातून येतं हे नाकबूल करता येत नाही, आणि म्हणूनच खुणेशिवाय लस नको ही कसोटी कुत्र्याइतकीच समाजाच्याही हिताची आहे. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे, आणि त्यात माणसांबरोबर वन्यजीव व पशुधन यांचाही विचार आहे. पाळीव कुत्रा त्या आराखड्याच्या कडेला उभा आहे. पण ज्या अंगणात कुत्र्याला दंश झाला त्याच अंगणात उद्या मूल खेळणार आहे. कुत्र्यांच्या दंशांची नोंद ठेवली तर शहराला साप कुठे, कोणत्या महिन्यात जास्त दिसतात याची आगाऊ सूचना मिळेल. आज अशी नोंद दवाखान्याच्या वहीतच राहते.

घरातून निघेपर्यंतच्या दहा मिनिटांत करायचं थोडं आणि टाळायचं बरंच असतं. पट्टा आणि हार्नेस आधी काढावा, कारण मान सुजली की तोच फास होतो. कुत्र्याला चालवू नये. उचलून किंवा चादरीची झोळी करून न्यावं. सूज किती वाजता दिसली ते लिहावं आणि सुजेच्या कडेवर पेनानं रेघ मारावी, म्हणजे ती वाढते आहे की थांबली ते डॉक्टरांना दिसेल. करकचून बांधणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं हे सगळं नुकसान करतं, आणि कडुलिंबाचा पाला किंवा तुपाची वाटी तोंडात कोंबणं सर्वांत वाईट, कारण गिळण्याची ताकद गेलेल्या कुत्र्याच्या ते फुप्फुसात जातं. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. काही गोळ्या मूत्रपिंडावर जातात, काही रक्तस्राव वाढवतात. वाटेतल्या एखाद्या ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन घरी परतणं हा फसवा दिलासा आहे. स्टिरॉइड विषावर चालत नाही. दुखावलेला लाडका कुत्राही चावतो, तेव्हा त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन धीर देऊ नये. सुजलेल्या तोंडाला मुसकंही बांधू नये. आणि गाडी काढायच्या आधी फोन करावा. दवाखाना उघडा आहे का, एवढंच विचारून थांबू नये. प्रतिविष आहे का, किती कुप्या आहेत, श्वासनलिकेत नळी घालून रात्रभर श्वास देण्याची सोय आहे का, हेही विचारावं.

या शेवटच्या प्रश्नाशी नवी मुंबईचं दुखणं येऊन थांबतं. शहरात पाळीव प्राण्यांचे दवाखाने गल्लोगल्ली झाले, पण लसीकरण आणि केशकर्तन यांपलीकडची रात्रीची तातडीची सेवा हा वेगळाच मामला आहे. राज्याची १९६२ ही पशुवैद्यकीय मदतवाहिनी मुख्यतः गाईगुरांसाठी आहे. मोठी ठिकाणं खाडीपलीकडे: परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय, आणि महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून उलव्याहून परळ जवळ आलं हे खरं, पण श्वास मंदावत चाललेल्या कुत्र्याला तेवढाही रस्ता लांब असतो. आधी जवळच्या दवाखान्यात श्वासाची वाट सुरक्षित करून, शिरेत सलाईन चालू करून मगच पुढे हलवणं शहाणपणाचं. रक्त चढवावं लागलं तर कुत्र्यांना पहिल्या वेळी गट जुळवण्याची अडचण सहसा कमी येते. म्हणजे सोसायटीतला एखादा निरोगी, लसीकरण झालेला, पंचवीस किलोच्या वरचा लॅब्रॅडॉर हाच रक्तपेढी ठरू शकतो. श्वानप्रेमींच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या फोटोंबरोबर अशा दात्यांची यादी ठेवायला काय हरकत आहे?

कुत्रा आत, आणि घरचे बाहेर बाकावर. या वाट पाहण्याबद्दल पशुवैद्यकाची पुस्तकं फारसं बोलत नाहीत, पण निर्णय तिथेच होतात. पहिले २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे. घोणशीच्या संशयात त्यानंतरही मूत्रपिंडाची तपासणी चार-पाच दिवस करत राहावी लागते. मण्यारीत बरं होणं दिवसांच्या हिशेबात मोजायचं असतं, तासांच्या नाही. हे आधी कळलं तर आशा आणि पैसा दोन्ही जपून वापरता येतात. खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही. उलट ती न सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी, निम्म्या उपचारावर, कुत्र्याला घरी न्यावं लागतं, आणि ते कुत्र्यासाठी सर्वांत क्रूर. ‘एवढा खर्च कुत्र्यावर?’ असं विचारणारे नातेवाईक असतात. ‘पैशाकडे बघू नका, काहीही करा’ म्हणणारे शेजारीही असतात. दोघांनाही बिल भरायचं नसतं. दयामरणाचा विचार कधी करावा? माझ्या मते निव्वळ लुळेपणाच्या अवस्थेत तर मुळीच घाईनं नाही, कारण हा लुळेपणा उतरणारा असतो आणि आतला जीव जागा असतो. मूत्रपिंडं पूर्ण बंद पडली असतील, वेदना आवरत नसतील, श्वास देण्याची सोय कुठेच मिळत नसेल, तेव्हा तो विचार रास्त ठरतो. अपराधीपणाची टोचणी जवळपास प्रत्येक घराला लागते: मोकळा का सोडला, उशीर का झाला, त्या वाटेनं का नेला. मण्यारीचा दंश दिसत नाही, कोरड्या दंशात काहीच होत नाही, गोचीड-ताप आणि घोणस एकसारखं रक्त काढतात. तज्ज्ञालाही ज्याची खात्री देता येत नाही ते त्या रात्री आपल्याला कळायला हवं होतं, ही अपेक्षा कोणत्याच कसोटीला उतरत नाही. घरातल्या मुलांना ‘तो गावाला गेला’ असं सांगणं मात्र टाळावं. मुलं सत्य पेलतात. फसवणूक त्यांना जास्त लागते.

एवढं झाल्यावर सोसायटीच्या बैठकीत हमखास मागणी येते: टेकडीकडचं गवत जाळा, साप मारा. हा प्रयोग कोकणात होऊन गेला आहे. १८६२च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांच्या डोक्यावर बक्षीस वाढवलं, तेव्हा आठवड्याभरात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. फुरसे आजही रत्नागिरीत आहे. साप मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे ही गोष्ट निराळीच; मुद्दा असा की उंदीर शिल्लक असेपर्यंत रिकाम्या बिळात दुसरा साप येतो. कचऱ्याचे डबे बंद, भिंतीलगतचा राडारोडा उचललेला, कुत्र्याचं भांडं रात्री आत, अंधारात फिरवताना पट्टा आखूड आणि हातात बॅटरी, एवढ्यानं धोका पुष्कळ घटतो. साप घरात शिरलाच तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

महापालिकेकडे आणि शहरातल्या पशुवैद्यांकडे मागणी मात्र एका कागदाची करायला हवी. नवी मुंबई आणि पनवेलमधल्या कोणत्या दवाखान्यात प्रतिविष ठेवलेलं आहे, कुठे श्वास देण्याची सोय आहे आणि रात्री बारानंतर कोण फोन उचलतं, याची यादी दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, जाहीर व्हावी. ती निघेपर्यंत कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारून उत्तरं फ्रिजच्या दारावर लावून ठेवावीत.